घरातील ओल आणि बुरशी: बडोद्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की बडोद्यातील मराठी घरांमधून भिंतींच्या ओलीबद्दल आणि बुरशीबद्दल मला जे प्रश्न येतात, ते बहुतेक तेच तेच असतात. दांडिया बाजारातील शंभर वर्षे जुन्या घराचा प्रश्न आणि नव्या सोसायटीतील सातव्या मजल्यावरचा प्रश्न वरवर वेगळे वाटले, तरी दोन्हींच्या मुळाशी पाणीच असते. मी इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो. मी डॉक्टर नाही. म्हणून आरोग्यविषयक उत्तरांत केवळ सर्वमान्य असलेली माहिती दिली आहे आणि निदान डॉक्टरांवर सोडले आहे.

१. बुरशी म्हणजे नेमके काय, आणि आमच्या स्वच्छ घरात ती आली कुठून?

बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते हवेत सर्वत्र असतात आणि उघड्या खिडकीतून, कपड्यांवरून, चपलांवरून प्रत्येक घरात येतच असतात. त्यांना रुजण्यासाठी अन्न, साधारण आपल्याला मानवते तेवढे तापमान आणि ओलावा या तीन गोष्टी लागतात. अन्न तर घरभर पसरलेले असते: लाकूड, प्लाय, कागद, सुती कापड, रंगातील आणि पुट्टीतील सेंद्रिय घटक, इतकेच काय, भिंतीवर बसलेली धूळसुद्धा बुरशीला पुरते. तापमानही आपण बदलू शकत नाही. आपल्या हातात उरतो तो ओलावा. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली, तर बहुधा बुरशी धरत नाही; घरातील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांच्या वर राहिली, तर मात्र गळती नसतानाही ती धरू शकते. अनेक घरांत भिंतीवर डाग दिसला की घरातल्या बाईच्या स्वच्छतेला बोल लावला जातो. तो अन्याय आहे, कारण लख्ख पुसलेल्या घरातही पाइप झिरपत असेल तर बुरशी येणारच.

२. भिंतीवर पांढरा भुगा आला आहे. ही बुरशी की लोणा?

जमिनीलगतच्या भिंतीवर पांढरे, खरखरीत स्फटिक आले असतील आणि हात फिरवल्यावर रंगाचे पोपडे पडत असतील, तर तो बहुतेक लोणा असतो, म्हणजेच आपले गुजराती शेजारी ज्याला लूणो म्हणतात तो. विटांमधले आणि जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर चढतात आणि पाणी उडून गेल्यावर भिंतीच्या पृष्ठभागावर उरतात. ओळखण्याची सोपी रीत अशी: त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. लोणा विरघळून दिसेनासा होतो, बुरशी विरघळत नाही. बुरशी हाताला मऊ लागते, बोट फिरवल्यावर पसरते आणि तिला बंद पेटीसारखा कुबट वास असतो. काळा डाग बुरशीचा की नुसत्या मळाचा असा संशय असेल, तर त्यावर घरगुती ब्लीचचा एक थेंब टाकून पाहावा. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी असण्याचा संभव अधिक. लोणा स्वतः फुप्फुसाला तितका त्रासदायक नसतो. परंतु जिथे लोणा आहे तिथे पाणी आहे, आणि जिथे पाणी आहे तिथे बुरशीला यायला फार वेळ लागत नाही.

३. ओल नेमकी कुठून येते, हे घरच्या घरी कसे शोधावे?

साऱ्या दुरुस्तीचा पाया हाच प्रश्न आहे, आणि दुर्दैवाने लोक तो सर्वांत शेवटी विचारतात. डागाची जागा बरेच काही सांगते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल, तर पाणी जोत्यातून वर चढत आहे. छतावर पिवळसर कडेचा गोल डाग असेल, तर वरची गच्ची किंवा वरच्या मजल्यावरची मोरी गळत आहे. फक्त नैऋत्येकडच्या किंवा पश्चिमेकडच्या भिंतीवर पावसाळ्यात डाग येत असतील, तर वाऱ्याबरोबर भिंतीवर झोडपणारा पाऊस बाहेरच्या भेगांतून आत शिरत आहे. खोलीच्या वरच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे काळे ठिपके असतील आणि भिंत दाबून पाहिल्यास टणक लागत असेल, तर बहुधा खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर घाम होऊन बसते आहे.

ओल आतून आहे की बाहेरून, हे ठरवण्यासाठी दीड फूट लांब-रुंद असा जाड प्लास्टिकचा तुकडा डागाच्या जागी चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूस, म्हणजे भिंतीकडे, दव साचले असेल तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूस साचले असेल तर ते हवेतून येते आहे. पाइप गळत असल्याचा संशय असेल, तर रात्री सर्व नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीची पातळी खडूने खूण करून ठेवावी आणि पहाटे कोणी पाणी वापरण्याआधी पाहावी.

एक उदाहरण सांगतो. एका घरात एकाच भिंतीला तीन वर्षांत तीनदा रंग दिला होता. मी लोखंडी कपाट पुढे ओढायला सांगितले, तेव्हा मागच्या भिंतीवर कपाटाची पूर्ण चौकट काळ्या ठिपक्यांनी आखल्यासारखी उमटली होती. चौकटीच्या बाहेर एकही ठिपका नव्हता. पलीकडे न्हाणीघर होते, भिंत सतत थंड राहत होती आणि कपाट तिला टेकून असल्याने मागे हवाच खेळत नव्हती. तिथे रंगाऱ्याचे काही काम नव्हते. कपाट चार इंच पुढे घेतले आणि न्हाणीघरात वाफ बाहेर टाकणारा पंखा बसवला, एवढ्यावर काम भागले.

४. बुरशीमुळे प्रकृतीला खरोखर काय धोका असतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, श्वास घरघरणे, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा यांचा धोका वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्यांना बुरशीची ॲलर्जी आहे त्यांना शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे असा त्रास होतो आणि आधीच दमा असेल तर तो बळावतो. दम्याच्या काही रुग्णांत ॲस्परजिलस नावाच्या बुरशीमुळे फुप्फुसात दीर्घकाळ टिकणारी ॲलर्जी निर्माण होते आणि नेहमीच्या औषधांनी दमा आटोक्यात येत नाही. पूर्वी क्षयरोग होऊन फुप्फुसात पोकळी राहिलेल्यांमध्ये हीच बुरशी त्या पोकळीत गाठ करून वाढू शकते. म्हणून अशा माणसाने घरातल्या बुरशीची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी; ते विचारतीलच असे धरून चालू नये.

तान्ही मुले, वृद्ध, दमेकरी, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि अवयव-प्रत्यारोपण झालेले यांच्या खोलीत बुरशीचा डाग एक दिवसही राहू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक बालक दगावले आणि घरातील बुरशीचा दीर्घकाळ संपर्क हे त्या मृत्यूचे कारण असल्याचे २०२२ मध्ये चौकशीअंती नोंदवले गेले. असा शेवट विरळाच होतो, पण त्या घरातून वारंवार तक्रार होऊनही भिंत तशीच राहिली होती, हे विसरता येत नाही.

५. आमच्या भिंतीवर काळी बुरशी आहे. २०२१ मध्ये करोनानंतर जी झाली, ती हीच का?

नाही. २०२१ च्या साथीत ज्याला ‘काळी बुरशी’ म्हटले गेले तो म्युकरमायकोसिस हा आजार वेगळ्या कुळातील बुरशांमुळे होतो. त्याला ‘काळी’ हे नाव पडले ते रक्तपुरवठा तुटून ऊती काळ्या पडतात म्हणून. त्याचा धोका मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना आणि मोठ्या प्रमाणात स्टिरॉइड घेतलेल्यांना होता. तो माणसाकडून माणसाला होत नाही. भिंतीवर दिसणारे काळे ठिपके बहुतेक वेळा अन्य जातींचे असतात. रंगावरून बुरशी किती घातक आहे हे ठरवता येत नाही. हिरवी, करडी, काळी, गुलाबी, कोणतीही असली तरी ती काढायची आणि पाणी थांबवायचे. भिंतीवरच्या काळ्या बुरशीमुळे स्मरणशक्ती जाते किंवा कर्करोग होतो, असे संदेश फिरत असतात. त्यांना पुरेसा वैद्यकीय आधार नाही.

६. डाग स्वतः साफ करता येतो का? कसा करावा?

सलग डाग साधारण दहा चौरस फुटांपर्यंत, म्हणजे तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद चौकोनापेक्षा किंचित मोठ्या जागेपर्यंत असेल, तर निरोगी प्रौढ माणूस तो घरी साफ करू शकतो. त्याहून मोठा असेल, सांडपाणी शिरले असेल किंवा घरात प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्यांपैकी कोणी असेल, तर जाणत्या माणसाकडून काम करून घ्यावे आणि तोवर आजारी व्यक्तीला दुसऱ्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे हलवावे.

आधी पाणी थांबवावे. मग एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि डोळे पूर्ण झाकणारा चष्मा घालावा. साधा रुमाल बीजाणू अडवत नाही. खोलीचे दार लावून बाहेरची खिडकी उघडावी आणि छताचा पंखा बंद ठेवावा. कोरडी बुरशी झाडूने किंवा पॉलिश पेपरने घासणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण त्यामुळे लाखो बीजाणू घरभर उडतात. प्रथम डागावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून तो भिजवावा, मग ब्रशने घासावा, ओल्या फडक्याने टिपावा, आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. शेवटी ती जागा पंखा लावून पूर्ण वाळवावी. पुट्टी फुगली असेल तर ती ओली करून खरवडून काढावी. फुगलेल्या पुट्टीच्या आत बुरशी शिल्लक राहतेच.

७. ब्लीच, व्हिनेगर आणि ॲसिड यांपैकी काय चांगले?

गुळगुळीत टाइल्सवर ब्लीच काम करते. प्लास्टर, लाकूड, प्लाय अशा सच्छिद्र वस्तूंवर मात्र ते वरचा रंग उडवते, आतले धागे तसेच राहतात, आणि डाग गेला असे वाटून माणूस निर्धास्त होतो. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, त्यामुळे ती मारून भागत नाही, घासून काढावी लागते. साबण आणि पाणी बहुतेक ठिकाणी पुरते. व्हिनेगर छोट्या डागांवर उपयोगी पडते, मात्र संगमरवर आणि कडाप्प्यावर वापरू नये. ब्लीच आणि संडास-मोरीसाठी वापरले जाणारे ॲसिड कधीही, एकापाठोपाठ एक असेसुद्धा, एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो. काही काच-स्वच्छकांत अमोनिया असतो, त्याच्याशीही ब्लीच मिसळू नये.

८. विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी घरात शिरले होते. आता काय करावे?

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी अनेक वस्त्यांत शिरले. त्या दोन्ही वेळी मी पाहिलेल्या घरांत एक गोष्ट सारखी होती: पाणी ओसरल्यावर लोकांनी भिंती धुतल्या, पण त्या वाळू दिल्या नाहीत.

पुराचे पाणी म्हणजे सांडपाणी, हे आधी मनाशी पक्के करावे. घरात शिरण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद करावा आणि बुडालेले स्विचबोर्ड इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय वापरू नयेत. गाळ वाळण्यापूर्वीच काढावा. कापसाच्या गाद्या, उश्या, रजया आणि फुगलेले पार्टिकल बोर्ड वाचवण्याचा प्रयत्न करू नये. सासरहून आलेली गादी टाकताना जीव तुटतो, मला ठाऊक आहे. पण उन्हात वाळवलेली गादी वरून कोरडी लागली तरी आत सांडपाणी जिरलेले असते. सागवानी लाकूड, लोखंड, स्टीलची भांडी आणि टाइल्स धुऊन वापरता येतात. सागवानी फर्निचर थेट उन्हात न ठेवता सावलीत, हवेशीर जागी वाळवावे, नाहीतर ते तडकते.

भिंतीवर पाण्याची रेघ दिसते, तिच्या वर फूटभर अंतरापर्यंत पुट्टी आणि सुटलेला गिलावा काढून वीट मोकळी करावी, कारण वीट पाणी वर ओढते. मग स्वच्छ पाण्याने धुऊन सारे उघडे सोडावे. नऊ इंची विटांची भिंत वाळायला आठवडे नव्हे, कित्येकदा महिने लागतात, आणि ऑगस्टअखेरच्या दमट हवेत तर ती फारच सावकाश वाळते. ऑक्टोबरची कोरडी ऊब लागेपर्यंत भिंत उघडी दिसली तर दिसू द्यावी. किचन ओट्याखालची कपाटे, भिंतीला चिकटवलेल्या लाकडी पाट्या आणि जिन्याखालची अडगळ या जागा हमखास राहून जातात; तिथे मागे हात घालून पाहावे.

९. आमचे घर जुन्या पोळीत, म्हणजे जुन्या शहरातील गल्लीवस्तीत, आहे. सिमेंटचा गिलावा करून घेतला, तरी ओल वाढतेच आहे. असे का?

जुने घर विटा, चुना आणि सागाचे असते. चुना श्वास घेतो. भिंतीत चढलेले पाणी चुन्यातून बाहेर उडून जाते आणि भिंत स्वतःला कोरडी ठेवते. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर प्लास्टिकचा चकचकीत रंग दिला की पाण्याची वाट बंद होते. मग ते भिंतीतच वर चढत जाते, पूर्वी दोन फुटांवर थांबणारी ओल चार-पाच फुटांवर दिसू लागते, आणि सागाच्या तुळईचे भिंतीत गेलेले टोक आतल्या आत सडते. हे टोक सडणे बुरशीच्या डागापेक्षा कितीतरी धोकादायक आहे, कारण ते वरचा मजला तोलत असते. टाचणी किंवा स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावे. लाकूड भुसभुशीत लागले तर त्याच आठवड्यात अभियंत्याला बोलवावे.

उपाय असा की सिमेंटचा गिलावा काढावा, चुन्याचा गिलावा करावा आणि वर चुन्याचीच सफेदी द्यावी. चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यामुळे ताज्या सफेदीवर बुरशी सहज धरत नाही. आपल्या पणजोबांच्या पिढीत दरवर्षी सफेदी होत असे. चुन्याचे काम जाणणारे कारागीर आता कमी आहेत आणि काम सावकाश होते. तरीही जुन्या घराला दुसरा योग्य मार्ग नाही, असे मी अनुभवाने सांगतो.

१०. दिवाळीपूर्वी रंग देऊन टाकला तर चालेल का?

भिंत कोरडी असेल तरच. पावसाळा सप्टेंबरअखेर संपतो आणि दिवाळी महिना-दीड महिन्यात येते, त्यामुळे बहुतेक घरांत ओल्या भिंतीवरच रंग बसतो आणि जानेवारीत पोपडे पडतात. रंगापूर्वी प्रश्न ३ मधील प्लास्टिकची परीक्षा करावी. दव साचले तर ती एक भिंत यंदा सोडून द्यावी आणि मार्चमध्ये रंगवावी. बुरशीरोधक रंग चांगला असतो, पण तो ओल थांबवत नाही, काही काळ फक्त लपवतो.

११. पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवाव्या की बंद? आणि एसीमुळे बुरशी वाढते का?

स्वयंपाक आणि आंघोळ चालू असताना उघडाव्या, कारण तेव्हा आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. एसी चालू असेल तेव्हा मात्र घट्ट बंद ठेवाव्या. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेतील वाफ साधारण २४-२५ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर दव होऊन बसू लागते; खोली १८ अंशांवर ठेवून खिडकी किलकिली केली, तर बाहेरची वाफ थंड भिंतीवर घामासारखी साचते. एसी २५-२६ अंशांवर किंवा ‘ड्राय’ या पद्धतीवर ठेवावा. त्याची जाळी आणि पाणी वाहून नेणारी नळी दर पावसाळ्यापूर्वी साफ करून घ्यावी. एसी सुरू करताच कुबट वास आला तर बुरशी त्याच्या आतच आहे. आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र थोड्या पैशांत मिळते, आणि ओल येणाऱ्या घराने ते घ्यावेच.

१२. कपाटातील पैठणी आणि जुन्या पुस्तकांवर ठिपके आले आहेत. काय करावे?

वस्तू घराबाहेर, सावलीत, वाऱ्याला न्यावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मगच मऊ ब्रशने, मास्क लावून झटकावी. जरीच्या वस्त्राला पाणी किंवा व्हिनेगर लावू नये. ते जाणकार धुलाईवाल्याकडे द्यावे आणि पुन्हा घडी घालताना जुन्या घडीवर घालू नये. पुस्तके उभी करून पाने पंख्यासारखी उलगडून ठेवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत वस्त्र वर्षभर बंद ठेवण्याची सवय सोडावी, कारण आत अडकलेली ओल बाहेर जाऊ शकत नाही. सुती कापडाची गाठोडी चांगली.

१३. वरच्या घराची मोरी गळते, पण ते दाद देत नाहीत. किंवा घरमालक लक्ष देत नाही. काय करावे?

डागाची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि लेखी कळवावे. सोसायटी असेल तर समितीला प्रत द्यावी. तोंडी बोलणे भांडणावर जाते आणि पुरावाही उरत नाही. भाडेकरूने करारातील दुरुस्तीचे कलम वाचावे. घरात लहान मूल किंवा दमेकरी असल्यास डॉक्टरांकडून तसे लेखी घेऊन पत्राला जोडावे. माझ्या पाहण्यात त्या एका कागदाने अनेक दुरुस्त्या मार्गी लागल्या आहेत.

१४. हवेची चाचणी, एअर प्युरिफायर, धूप, कापूर यांचा उपयोग होतो का?

बुरशी दिसते आहे तर चाचणीवर खर्च करू नये. घरातील हवेत बुरशी किती असावी याची सर्वमान्य सुरक्षित मर्यादा ठरलेली नाही, त्यामुळे आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण. हेपा गाळणीचा प्युरिफायर उडते बीजाणू पकडतो, पण उगम तसाच राहतो. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नयेत, ती फुप्फुसाला त्रास देतात. धूप, लोबान, कापूर वास झाकतात आणि दमेकऱ्याला त्यांच्या धुराचा अधिक त्रास होतो.

१५. मुले परदेशात आहेत, आम्ही सहा महिने तिकडे जातो. बंद घर कसे ठेवावे?

मुख्य नळ बंद करावा, कपाटांची दारे उघडी ठेवावी, गाद्या भिंतीपासून दूर उभ्या कराव्या, फ्रीज रिकामा करून त्याचे दार उघडे ठेवावे. गच्चीच्या पाण्याच्या जाळ्या निघण्यापूर्वी स्वतः पाहाव्या. जून ते सप्टेंबर या काळात शेजारी किंवा नातेवाईक आठवड्यातून एकदा कोरड्या दुपारी दोन तास येऊन पंखे चालवेल अशी व्यवस्था करावी, आणि त्याच्याकडून प्रत्येक खोलीच्या छताचे छायाचित्र मागवावे.

१६. डाग कुठेच दिसत नाही, पण कुबट वास येतो. आता शोधायचे कुठे?

वासावर विश्वास ठेवावा. पीओपीच्या छताच्या वर, लाकडी पाट्यांच्या मागे, वॉलपेपरखाली, बेडच्या पेटीत आणि बेसिनखालच्या कपाटाच्या तळाशी पाहावे. घर चार-पाच तास बंद ठेवून परत आल्यावर दारातच उभे राहून वास कोणत्या खोलीतून येतो ते हेरावे. आत पाच मिनिटे बसले की नाक सरावते. पीओपीतील दिव्याची खाच उघडून टॉर्चने पाहता येते, पण त्याआधी वीज बंद करावी. तरीही काही सापडले नाही आणि घरातील कोणाचा खोकला घराबाहेर राहिल्यावर थांबत असेल, तर ज्या भिंतीमागून पाइप जातो तिची एक टाइल काढून पाहण्यास कचरू नये. टाइलचा खर्च छोटा असतो, आणि मागचे प्लास्टर ओले आहे की नाही हे बोट लावताच कळते.